शेवटच्या प्रकरणाचा सोमवार

“बारके, शेवट वाचल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही हं.”

थोरल्या भावाचा, नानाचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसा येतो आणि अनसूयाबाईंची मान खांद्यावर कलते. व्रताच्या दिवशी दुपारचं झोपायचं नसतं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्या झोपलेल्या नाहीतच मुळी. नुसत्या देवघराच्या भिंतीला टेकल्यात. पिंडीवरचं बेलाचं पान अजून ओलं आहे. उदबत्तीची राख वाकून उभी आहे, पडत नाही. समोर पाटावर एक पुस्तक आणि पुस्तकावर घडी घातलेली चिठ्ठी.

पुस्तकाचं नाव ‘सोमाची बहीण’. जुनी ऐतिहासिक कादंबरी आहे. लेखकाच्या नावाचं पान केव्हाच फाटून गेलंय आणि शेवटची सोळा पानं शिवणीतून सुटलीत, त्यामुळं उचलताना खाली डावा तळवा धरावा लागतो.

चिठ्ठी विमलाताई डंबीरांसाठी आहे. पेठेतलं महिला वाचनालय त्या सांभाळतात. तिथला एक जुना शिरस्ता आहे. दर तीन वर्षांनी कपाटं आवरायची, आणि ज्या पुस्तकासाठी कुणी बाई उभी राहून चार शब्द बोलेल तेवढंच ठेवायचं. बाकीची रद्दीत. लिहून दिलेलं चालत नाही, तोंडानं बोलावं लागतं. यंदा तो दिवस नेमका सोमवारी आलाय, आज, दुपारी चार वाजता. आणि सोमवारी अनसूयाबाईंचं मौन असतं, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. बावीस वर्षांत एक सोमवार चुकलेला नाही. नातीचं बारसं सोमवारी आलं, तेव्हा पाळणासुद्धा शेजारणींनी म्हटला.

शनिवारी विमलाताईंनी त्यांना वाचनालयाच्या पायरीवरच गाठलं होतं. “अगं, तुझं मौन मोठं की ते फाटकं पुस्तक? गेल्या तीन वर्षांत तुम्हा बहीणभावाशिवाय कुणी हात तरी लावलाय का त्याला? तू आपली चिठ्ठी लिहून दे. मी वाचून दाखवीन. नियमात धरता यायची नाही, पण तुझं मन तरी राहील.”

अनसूयाबाईंनी मान डोलवली होती. कुणाचा शब्द मोडणं त्यांच्या स्वभावातच नाही.

“बारके, खळ उतू चाललीय!”

ती धावते. इथं ती अनसूयाबाई नाही, बारकीच आहे. स्वयंपाकघराच्या दारातून आत पाय टाकते तर ओट्याच्या जागी वडिलांचं बाइंडिंगचं दुकान. पुठ्ठ्यांची चळत, दाभणं, दोऱ्याची रिळं, सगळं जागच्या जागी. नाना स्टोव्हवर मैद्याची खळ ढवळतोय. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकतो, तशी खळीला निळसर झाक चढते. अंगात तोच राखाडी स्वेटर आहे, ज्याच्या कोपराला तिनं रफू केलं होतं. शेवटच्या दुखण्यात बसलेले गाल पुन्हा भरलेत.

“मेल्यावर जाड झालास,” ती म्हणते.

“पथ्य सांगायला डॉक्टर नाही ना इथं.” तो पळी काठावर आपटतो. “आणि तू गं? सोमवार आहे, आणि चक्क बोलतेस?”

ती तोंडावर हात ठेवते. मग सावकाश काढते. “स्वप्नातलं धरत नाहीत.”

“कोण धरत नाही?”

“मी नाही धरत.”

“आली मोठी!” नाना भुवया उडवतो, पण त्याला आवडलेलं आहे.

लहानपणापासून त्याचे हात दोऱ्यात नाहीतर खळीत अडकलेले असायचे. म्हणून वाचायची ती, आणि तो शिवता शिवता ऐकायचा. वडील म्हणायचे, हा पुस्तकं हातांनी शिवतो नि कानांनी वाचतो. पुढं तिचं लग्न झालं, तेही दोन गल्ल्या सोडून, आणि वाचन काही थांबलं नाही. जन्मभर त्यानं जी काही पुस्तकं वाचली ती तिच्या आवाजात. शेवटचं ‘सोमाची बहीण’.

“मग काय सांगणार त्या बायकांना?” नाना विचारतो. “मला सांगून दाखव. मी विमलाताई.” आणि खळीचं फडकं पदरासारखं खांद्यावरून घेऊन, हनुवटी वर करून बसतो.

तिला हसू येतं. मग ती उभी राहते.

“बायांनो, ही तीनशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळातली गोष्ट. भागा तेरा वर्षांची, सोमा सहाचा. आई जाते तेव्हा घरात उरतात मूठभर तांदूळ. शिजवले तर दोन घास. भागा ते शिजवत नाही. आपण कहाणी ऐकताना अक्षता धरतो ना हातात, तसे ती ते मुठीत धरते आणि सोमाला सांगते, कहाणी संपली की भात. आणि मग ती कहाणी संपूच देत नाही.”

“बरं,” विमलाताई झालेला नाना म्हणतो. “पुढं?”

“पुढं घाट. त्या एका कहाणीच्या जोरावर ती पोराला देशावरून घाटापर्यंत चालवत आणते. वाटेत फौजा येतात, लुटारू येतात. राजा पुस्तकात दोन ओळींत येतो नि जातो. पण त्या पोरीची मूठ काही उघडत नाही. सोमा रडला की ती कहाणीत एक हत्ती आणते. सोमा बसला की हत्ती चालायला लागतो, मग याला उठावंच लागतं.” ती थांबते. आता ती विमलाताईंशी बोलत नाहीये. “मी इतकी वर्षं मुठीत अक्षता धरून कहाण्या वाचल्या, नाना. धरायच्या म्हणून धरल्या. त्या कशासाठी धरायच्या, ते मला या पोरीनं शिकवलं.”

नाना खांद्यावरचं फडकं काढून ठेवतो. “हे तिथं बोल.”

“तिथं कशी बोलू?”

वाऱ्यानं दुकानाचं मागचं दार उघडतं. दारापलीकडं गल्ली असायला हवी. तिथं माळ आहे, भेगा पडलेला, नजर पोचेल तिथवर उघडा. लांब दोन पोरं चाललीत, मोठी पुढं, धाकटा मागं. मोठीची डावी मूठ मिटलेली. आणि माळाच्या मधोमध नानाची खाट, उशाशी औषधाच्या बाटल्या. नाना खळीचं पातेलं हातात घेऊन चालत जातो आणि पातेल्यासकट खाटेवर आडवा होतो.

“तो सोमवारच होता,” ती म्हणते.

“होता.”

“तू म्हणालास, एवढं शेवटचं प्रकरण वाच. मी ओठांवर बोट ठेवलं. खुणेनं सांगितलं, दिवे लागले की वाचते.”

“हो. आणि मी चारला गेलो.”

“तीन तास!” ती ओरडते. “तीन तास थांबता आलं नाही तुला? घोटभर पाण्यासाठी सुनेला दहादा हाका मारायचास, आणि माझ्यासाठी तीन तास नव्हते?”

साऱ्या जन्मात तिनं त्याच्यावर आवाज चढवलेला नाही. माळावर तो आवाज लांबवर जातो. पुढं चाललेली पोर मागं वळून बघते.

नाना खाटेवरून तिच्याकडं शांतपणे पाहतो. “केवढा आवाज आहे तुझा! त्या दिवशी कुठं होता?”

“देवाकडं ठेवला होता.”

“मागितला असतास तर दिला नसता का त्यानं?”

सहा महिने हाच प्रश्न ती पिंडीसमोर तोंड मिटून स्वतःला विचारत आली आहे. ती नुसता हात पुढं करते. नाना हात धरून उठतो, आणि उठून उभा राहतो तो वाचनालयाच्या ओसरीत.

आढ्याला रद्दीचा तराजू टांगलाय. एका पारड्यात ‘सोमाची बहीण’. दुसऱ्यात वाळलेल्या बेलाच्या पानांचा ढीग, वर टोक आलेला. विमलाताई खुर्चीत बसून विणताहेत आणि विणकाम पायऱ्या उतरून पार रस्त्यापर्यंत गेलंय.

“बावीस वर्षांचे सोमवार आहेत ते,” विमलाताई सुई न थांबवता म्हणतात. “बघ, तुझं पारडं कसं खाली टेकलंय. पुस्तक वरच्या वर हलतंय नुसतं. काढू का रद्दीत?”

ती नानाकडं बघते. तो खिशात चष्मा शोधतोय.

“मला काय विचारतेस? मी मेलेला माणूस. माझं धरत नाहीत.”

मग ती कुणालाच विचारत नाही. ओसरी ओलांडते, तराजूपाशी जाते आणि पानांच्या पारड्यात हात घालून ती खाली सारते, ओंजळीनं, एकदा, दोनदा, पुन्हा. बेल फरशीभर पसरतो. पुस्तकाचं पारडं डुलत डुलत तिच्या हातापर्यंत उतरतं आणि ती पुस्तक उचलून घेते.

“अगं, मोडलंस ना!” विमलाताईंच्या सुया थांबतात. “एवढ्या वर्षांचं!”

“मोडलं,” ती म्हणते. आवाज तिचाच आहे, हळू, पण कापत नाही. “मी मोडलं. पानं मी वेचीन नंतर, एकेक. तुम्ही पुस्तकाला हात लावू नका.”

घाईत डावा तळवा खाली धरायचं राहतं. शेवटची सोळा पानं घसरून फरशीवर पडतात. नाना मांडी घालून खाली बसतोच, पातेलं शेजारी ठेवून. बोटानं खळ घेतो, पुठ्ठ्याच्या आतून, शिवणीच्या रेघेवर फिरवतो, पानांची चळत ठोकून सारखी करतो आणि जागेवर बसवतो. हे करताना तो जीभ दातांत धरतो. तो नेहमी धरायचा.

“अंगठा दे. इथं दाब. वाळेपर्यंत सोडू नकोस.”

ती दाबते. खळ गार आहे. दोघांची डोकी पुस्तकावर जवळ आलीत.

“शेवट काय आहे रे?” ती विचारते.

“मला काय ठाऊक? तू वाचलाच नाहीस.” मग चळतीची कड चाचपत तो म्हणतो, “मी आपला माझ्यापुरता एक करून घेतला. त्या दुपारी, पडल्या पडल्या.”

“सांग.”

“घाट उतरल्यावर भागा मूठ उघडते. आत काही नाही. तांदूळ वाटेतच कुठंतरी सांडलेत. ती हमसून रडायला लागते. तर तो सहा वर्षांचा पोर म्हणतो, मला माहीत होतं गं अक्का, नदीपाशीच सांडले. तू हत्तीचं सांग पुढं.”

ती अंगठा तसाच दाबून धरते.

“आणि पुस्तकातला शेवट वेगळा निघाला तर?”

“तर भांडू. पण आधी वाच, मोठ्यानं. तू मनातल्या मनात वाचतेस ते मला नाही ऐकू येत.”

“वाचते.”

“कधी? दिवे लागले की?”

“चार वाजता,” ती म्हणते. “सगळ्यांसमोर. आधी त्या पुस्तकासाठी बोलीन, मग शेवटचं प्रकरण वाचीन. विमलाताईंना उशीर झाला तर होऊ दे.”

नाना पातेल्याच्या काठाला बोट पुसतो आणि हसतो. “आली मोठी,” तो पुन्हा म्हणतो, पण या वेळी आवाज दुकानातून येतो, भिंतीपलीकडून, मग त्याहूनही लांबून.

उदबत्तीची राख पडते.

अनसूयाबाई डोळे उघडतात. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झालेत. उजवा अंगठा भरून आलाय, कितीतरी वेळ काही दाबून धरल्यासारखा. त्या पुस्तक उचलतात, सवयीनं डावा तळवा खाली धरून. पानं घसरत नाहीत. त्या तळवा काढून बघतात. तरी घसरत नाहीत. शिवणीच्या रेघेवरून अंगठा फिरवतात तर तिथं ओल आहे, आणि अंगठ्यावर येते ती पांढरट, निळी झाक असलेली अर्धी वाळलेली खळ. दुकान विकून पंधरा वर्षं झालीत. या घरात कधी कुणी खळ शिजवलेली नाही.

त्या अंगठा पदराला पुसत नाहीत.

पिंडीसमोर हात जोडतात. एरवी त्या डोळे मिटतात, आज मिटत नाहीत. मनात म्हणतात, त्या सोमवारी मी तुला विचारलं नव्हतं. आजही विचारत नाहीये, सांगतेय. रागवायचं असेल तर रागाव. उद्या पहाटे मी पूजेला येणारच आहे.

पिंडीवरचं बेलाचं पान उचलून त्या शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी खुणेसाठी ठेवतात.

दारात सून केतकी चपला मांडून उभी आहे. “आई, चिठ्ठी राहिली बघा पाटावर.”

अनसूयाबाई चिठ्ठी घेतात, सुनेच्या हातात ठेवतात आणि तिची बोटं वरून मिटवतात.

“अहो, मग तिथं नुसतं बसून येणार का?”

त्या सुनेच्या गालाला हात लावतात, पुस्तक छातीशी धरतात आणि पायऱ्या उतरतात. समोरच्या जोशीकाकू दारात निवडत बसल्यात. सोमवार आहे हे त्यांना ठाऊक असल्यानं त्या काही विचारत नाहीत, नुसती मान डोलवतात. अनसूयाबाईही डोलवतात. गल्लीच्या वळणावर कुणी नाही असं बघून त्या चालता चालताच घसा खाकरतात, हलकेच, दोनदा, नानाला नवं प्रकरण वाचून दाखवण्याआधी खाकरायच्या तसा.