नैनाच्या बुटांचं भाषांतर

आमची यामिनी कुणावर विश्वास ठेवेल तर शपथ. डॉक्टरने औषध दिलं की ती दुसऱ्या डॉक्टरला विचारते, आणि मग मला.

तिची मुलगी नैना. पोरीचा उजवा पाय जन्मापासून जरा आखूड. ते स्वीडनला होते तेव्हा तिथल्या बूटवाल्याने उंच तळव्याचे बूट करून दिले, कसे केले तेही कागदावर लिहून दिलं. इथे अमेरिकेत, कॅरी गावात आल्यावर पाय वाढला, बूट होईनात. इथला म्हातारा बूटवाला म्हणाला, कागद इंग्लिशमध्ये आणा, करतो.

फोनने मिनिटात भाषांतर केलं असतं. पण बाईसाहेबांचा फोनवरही संशय. तो काहीतरी चुकीचं लिहील आणि भोगेल माझी पोरगी, म्हणे. स्वीडिश येतं तिला, पण बुटाचा साचा म्हणजे कलबूत, आतला तळवा, टाचेखालची पाचर हे शब्द क्लासात कोण शिकवतं? म्हणून आठवडाभर मी ड्राइव्ह करून तिला दुकानात नेलं. जुन्या बुटाच्या एकेका भागावर बोट ठेवून ती म्हाताऱ्याकडून इंग्लिश नाव वदवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची, तो शब्द फिरवतो का बघायला. मला मेलं लाजल्यासारखं व्हायचं.

बूट झाले. तरी रोज संध्याकाळी नैनाची कंबर दुखायचीच. यामिनी म्हणाली, फसवलं मेल्याने, आणि आम्ही तिघी दुकानात थडकलो.

म्हाताऱ्याने सगळं मोजलं. बरोबर होतं. मग त्याने नैनाला विचारलं, घरात काय घालतेस?

"नथिंग," नैना म्हणाली. "शूज गॅरेजमध्ये काढायचे. आईचा रूल आहे."

यामिनीचा चेहरा खाडकन उतरला. तिने पर्समधून स्वीडिश कागद काढला. शेवटी लिहिलं होतं, घरात घालायलाही अशीच उंच जोडी करावी. भाषांतरात ती ओळ नव्हतीच.

"मला वाटलं, तो स्वीडनचा बूटवाला दुसरी जोडी खपवतोय," ती मला म्हणाली. "म्हणून गाळली गं मीच."

इतकी चिडले होते मी, पण तिच्याकडे बघून म्हाताऱ्यालाच म्हटलं, घरासाठीही अशीच जोडी करा.

म्हाताऱ्याने दुसरी जोडी करायला घेतली. घरी आल्यावर नैना गॅरेजमध्ये नाड्या सोडायला वाकली. यामिनीने तिचा हात धरला, खाली बसून बुटांचे तळवे ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाली, "राहू दे. असंच चल आत."

नैना जागची हलेना. "आई, आर यू शुअर?"

यामिनीने मान डोलावली. पोरगी आत गेली, पण भिंतीच्या कडेकडेने, आई ओरडते का ते दर पावलाला मागे वळून बघत.