पाण्याच्या रकान्यातली झिरिया

"कुंदाताई, काहून एवढं लिहून राहिल्या तुम्ही? उरका नं आता," देशकर साहेब माझ्या कानाशी पुटपुटले.

मी उरकतच होते. दुपारचे तीन वाजले होते. मंडपात शे-दीडशे माणसं होती. स्टेजवर मध्ये एडीएम, म्हणजे कलेक्टरांच्या हाताखालचे मोठे अधिकारी. त्यांच्या बाजूला आमच्या प्रदूषण नियंत्रण ऑफिसचे देशकर साहेब आणि कंपनीचे मॅनेजर. टोकाला डुगडुगणाऱ्या टेबलाशी मी.

जबलपूरपासून तासाभराच्या अंतरावरचं ते गाव. गावाच्या टेकडीवर एका कंपनीला दगडाची खाण काढायची होती. अशा खाणीआधी गावात लोकसुनवाई घ्यावी लागते. कंपनीचा पर्यावरणाचा रिपोर्ट महिनाभर आधी लोकांसाठी खुला ठेवायचा, मग मंडप घालून लोकांचं म्हणणं ऐकायचं. ते म्हणणं मी लिहून घ्यायचे. त्याला आम्ही मिनिट्स म्हणायचो. त्याच दिवशी मिनिट्सवर एडीएमची सही व्हायची आणि फाइल भोपाळच्या कमिटीकडे जायची. कमिटी सहसा गावात येत नाही. ती कागद वाचते आणि ठरवते.

मला रिटायर होऊन आता दोन वर्षं झाली. जबलपुरातच, महाराजपुरात घर बांधलं, अंगणात कढीपत्ता आहे, सगळं ठीक आहे. पण सकाळी साडेनऊला घमापुरातून ऑटो पकडून नेपियर टाउनच्या ऑफिसात जाणं आठवलं की जीव हळहळतो. देशकर साहेबांचं घराणं आमच्यासारखंच विदर्भातून आलेलं. अख्खं ऑफिस हिंदीत चालायचं, आम्ही दोघं मात्र मराठीत भांडायचो. आता एवढं मनापासून भांडायला कुणी उरलं नाही.

मिनिट्स लिहिण्याची माझी एक पद्धत होती. घरूनच कागदावर रकाने पाडून न्यायचे. रोजगार, रस्ता, धूळ, पाणी, इतर. माणूस बोलायला लागला की त्याचं नाव योग्य त्या रकान्यात टाकायचं. सुनवाई संपता संपता फेअर कॉपी झटपट व्हायची. साहेब चार लोकांत कौतुक करायचे आणि मीही फुगायचे.

त्या दिवशी आधी पुरुष बोलले. नोकरी गावच्याच मुलांना द्या. डंपरनं रस्ता फुटेल. मग मागे बसलेल्या बायकांतून एक उठली. साठीची असेल, डोक्यावरून पदर, नाव गेंदाबाई. माइक तिनं हातात घेतलाच नाही, तिथूनच बोलली.

"साहब, हमाई झिरिया को का हुइहै?"

मागोमाग आणखी सात-आठ बायका झिरिया, झिरिया म्हणू लागल्या. एकदम गलका झाला. झिरिया म्हणजे पाण्याचंच काहीतरी, असं धरून मी त्या सगळ्यांची नावं पाण्याच्या रकान्यात टाकून मोकळी झाले. मॅनेजर लगेच म्हणाले, कंपनी टँकर देईल. तेही मी लिहिलं.

शेवटी नियमाप्रमाणे मिनिट्स सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे असतात. तोवर मंडप निम्मा रिकामा झालेला असतो आणि वाचणाराही भराभर वाचतो. मीही तशीच वाचत होते. "महिलाओं ने पेयजल की समस्या उठाई. कंपनी ने टैंकर का आश्वासन दिया."

"दीदी, हमने जा तो नईं कही," हे आम्ही म्हटलंच नाही, म्हणत गेंदाबाई पुन्हा उभी राहिली.

"पानी की ही तो बात थी न, अम्मा?"

"पानी की नईं, झिरिया की. टैंकर हमने कब माँगो?"

मॅनेजर हसले. "एक ही बात है, अम्मा."

मला खरं तर तिचा रागच आला. परत जीपचा प्रवास होता, घरी स्वयंपाक होता. तरी विचारलं, झिरिया आहे कुठं? मग तिनं सांगितलं. टेकडीच्या पायथ्याला नाला आहे. थंडीत तो वाहतो. होळीनंतर आटला की बायका ठरलेल्या जागी कमरेइतकी वाळू उपसतात, नारळ फोडतात, कडेनं दगड रचतात. खाली पाणी झिरपत राहतं. तीच झिरिया. पावसाळ्यापर्यंत अख्खं गाव त्यावर जगतं. पूर आला की ती वाळूनं बुजते. पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच खणायची. हातपंप मे महिन्यात आटतात, झिरिया कधीच आटली नाही.

मी रिपोर्टमधला नकाशा उघडला. सर्व्हे डिसेंबर ते फेब्रुवारीत झालेला. नाल्यापुढे लिहिलं होतं, उन्हाळ्यात कोरडा. खाणीतला टाकाऊ दगड नेमका त्याच जागी टाकायचा होता. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. सर्व्हेवाले आले तेव्हा तिथं खड्डाच नव्हता.

मी नकाशा साहेबांपुढे सरकवला.

"साहेब, हे घालावं लागते," मी म्हणाले.

"पाणी आलं नं त्यात! चलो, सही घेऊन घेऊ."

"पाणी लिहिलं तर टँकरवर भागते. जागा लिहिली तर कोणाला तरी ती जागा पाहायला यावं लागते."

"फेअर कॉपी झाली ताई. खाडाखोड दिसन."

"दिसू द्या."

साहेबांनी नाक मुरडलं. एडीएम इतका वेळ घड्याळ बघत होते. ते म्हणाले, "मैडम, जो बोला है, वही लिखिए."

मी समासात बारीक अक्षरात सगळं लिहिलं. नाला, जागा, होळी, नारळ, हातपंप. गेंदाबाईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "अब ठीक है," आणि खाली बसली.

दोन महिन्यांनी भोपाळहून पत्र आलं. नाल्याचा सर्व्हे उन्हाळ्यात पुन्हा करा. मे महिन्यात टीम गेली, मीही हट्टानं गेले. उन्हानं जीव नकोसा झाला होता आणि त्या खड्ड्यात तळ दिसेल असं पाणी होतं. गेंदाबाईनं मला लोटाभर पाजलं. पुढे नाल्याकडची पट्टी खाणीच्या नकाशातून वगळली. खाण मात्र टेकडीच्या पलीकडून सुरू झाली, गावात धूळ येते. साहेबांनी माझ्या सीआरमध्ये, म्हणजे वर्षाच्या गोपनीय शेऱ्यात, लिहिलं, 'कामात नीटनेटकेपणा कमी.' त्यावरूनही आम्ही भांडलो.

त्यानंतर मी रकाने पाडले नाहीत. माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहिलं. कागद वाढले, उशीर व्हायला लागला, बोलणीही खाल्ली. दुसऱ्याचं म्हणणं आपण थोडक्यात लिहिलं की ते बहुतेक वेळा आपलंच म्हणणं होतं, एवढं मला नोकरीच्या शेवटी शेवटी कळलं.

त्याआधीच्या फायली अजून ऑफिसच्या कपाटात असतील. कितीतरी गावांपुढे माझ्या सुंदर अक्षरात 'पेयजल की समस्या' असं लिहिलेलं आहे. तिथल्या बायका खरं काय म्हणाल्या होत्या, ते मला आठवत नाही. आणि दुसऱ्या कुणी ते लिहून घेतलेलं नाही.