निकाल लागेपर्यंत

काकूंसमोर ‘अरेरे’ म्हणायची सोय नव्हती. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावच्या आमच्या मराठी मंडळात दिवाळी-संक्रांतीचा स्वयंपाक त्यांच्याकडे असे. कोणी हळहळायला आत आलं की त्या त्याच्या हातात कांद्यांची पिशवी देत. "रडायचंच असेल तर हे चिरून रडा. चार माणसं जेवतील तरी."

हळहळण्यासारखं बरंच होतं. नवरा अकाली गेला, पदरात लहान मुलगी. काकू गोदामात नोकरी करत, त्यामुळे पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी भत्ता मिळे. मुलगी प्राथमिक शाळेत असताना पत्र आलं: भत्ता जादा घेतला आहे, फसवणुकीचा संशय आहे, सगळा परत करा. मी हिशेबाचा माणूस. बिलं आणि कामाचे तास ताडून पाहिले. पाळणाघराने तास चुकीचे कळवले होते. काकूंनी एक सेंटही जास्त घेतला नव्हता. त्यांनी अपील केलं.

मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना घरी चहाला बोलावलं. फार गोड शब्दांत सांगितलं, की किराणा वर्गणीतून येतो, लोक बोलतात, तेव्हा निकाल लागेपर्यंत स्वयंपाकघर दुसऱ्या कुणाकडे असलेलं बरं. काकूंनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि निघाल्या. पुढच्या दिवाळीत त्या पाहुण्यांसारख्या पंगतीत बसल्या. अध्यक्षांनी मसालेभात कसा झालाय म्हणून विचारलं. "माझ्या निकालासारखा," काकू म्हणाल्या. "शिजायचा राहिलाय."

तो शिजेचना. अपील तपासणीत आहे, एवढंच उत्तर भत्त्याच्या कार्यालयातून येई, आणि वसुली मात्र महिन्याच्या महिन्याला कापली जाई. मराठी ऐकून डचमध्ये उत्तर देणारी काकूंची मुलगी शाळा संपवून विद्यापीठात गेली. शेवटी एका तरुण वकीलबाईंनी या उशिरालाच न्यायालयात आव्हान दिलं. वाजवी मुदतीत निर्णय मिळणं हा मानवी हक्क आहे, असा त्यांचा मुद्दा. काकूंना हसू आलं. "विचारलं तर उत्तर द्यावं, एवढंच ना? त्याला केवढं भारी नाव."

सुनावणीला मी मागच्या बाकावर होतो. न्यायाधीश म्हणाले, एवढ्या उशिराने मनस्ताप होतो हे कायदा गृहीत धरतो, पुरावा लागत नाही. मुलीने ते काकूंच्या कानात सांगितलं. "गृहीत कशाला धरता? विचारा की," काकू म्हणाल्या. मुलीने त्याचं भाषांतर केलं नाही.

काकू जिंकल्या. हक्काचा भंग झाला, भरपाई मंजूर. पण कार्यालयाने सुनावणीच्या तोंडावर वसुली मागे घेऊन कापलेले पैसे परत केले होते. त्यामुळे फसवणूक झाली होती की नाही, हे ठरवायचं कारणच उरलं नाही, असं न्यायालयाने लिहिलं. मंडळात सगळे म्हणाले, "काकू, सुटलात."

"सुटतो तो चोर," काकू म्हणाल्या. "मला उत्तर हवं होतं."

अध्यक्षांनी निकालपत्र मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं, आणि निर्दोष असं कुठे लिहिलेलं नाही, हे खेदाने निदर्शनास आणलं. स्वयंपाकघर होतं तिथेच राहिलं.

काकू या वसंतात गेल्या. दिवाळीच्या जेवणाआधी अध्यक्ष श्रद्धांजलीला उभे राहिले. अरेरे म्हणाले, डोळे टिपले. काकू निर्दोष होत्या हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, असं म्हणाले.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो, कांद्यांची पिशवी उचलली आणि आणून त्यांच्या हातात दिली.