वज्याची गाडी आणि लुकलुकणारा दिवा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आठला आम्ही लाटंबार्से सोडलं. आम्ही म्हणजे मी, आमची ही, आणि मागच्या सीटवर नातीचं पहिलं वजं (लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला मुलीच्या सासरी पोचवायची फळं-फराळाची भेट). करंज्यांचा डबा, नारळ, केळ्यांचा घड आणि पोतंभर रानफळं. ही फळं माटोळीला (गणपतीच्या डोक्यावर टांगायची, फळापानांनी सजवलेली चौकट) लागतात. कांगलां, कवंडळं मी स्वतः डोंगरातून काढली होती. नात हरमलला दिलेली. तिथे समुद्र आहे, रान कुठलं? माटोळी दुपारी बांधणार होते, त्याआधी पोचायचं होतं.

मुलगा म्हणाला होता, "बाबा, टॅक्सी करा."

मी म्हटलं, "नातीचं वजं परक्या गाडीतून पाठवायला मी काय मेलोय?"

तोही माझाच. म्हणाला, "मग जावा. पण वाटेत अडकलात तर यापुढे चावी माझ्याकडे."

मी चौथी शिकलो, पण सावंतवाडीकडून येऊन डिचोलीच्या खाणीवर ट्रक मात्र तीस वर्षं चालवला. मला चावीची भीती घालतो!

अस्नोड्याला थांबलो. बाजारात सुपाऱ्यांचे घोस आणि नारळांचे ढीग लागले होते. आम्ही पातळभाजीबरोबर उंडे (कडक सालीचे गोल पाव) खाल्ले. पुढे दोन्ही अंगांना भात पोटरीला आलेलं, हिरवंगार. कोलवाळच्या पुलाखाली नदी गढूळ, फुगलेली. मन प्रसन्न झालं.

धारगळच्या चढावर गाडी थरथरू लागली आणि समोर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

"अहो, ह्यो दिवो कसलो?" हिने विचारलं.

"शोभेचो."

"मग गाडी कित्याक हुडहुडता?"

गाडी बंद केली, चालू केली, दिव्यावरच्या काचेवर दोन टिचक्या मारल्या. दिवा आपला लुकलुकतोच आहे. माझ्या ट्रकात असले दिवे नव्हते, मला कान होते. कान लावला. चारातला एक सिलिंडर मुका होता. गाय तीन पायांवर चालावी तशी गाडी पेडण्यापर्यंत रेटली.

तिथे एका गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. आत चाळिशीचा मेकॅनिक स्टुलावर उभा राहून आपल्याच माटोळीला सुतळी बांधत होता.

"आज बंद, आजोबा."

ही खाली उतरली. "बाबा, नातीचां पयलां वजां आसा."

तो गुमान स्टुलावरून उतरला.

"दिवा नुसता पेटला, तर गाडी हळू आणावी," त्याने मला सुनावलं. "लुकलुकला, की तिथेच थांबायचं. पेट्रोल न जळता सायलेन्सरात जातं, आणि तिथली जाळी करपते. किती अंतर आणलीत अशी?"

"धारगळपासून. एक सिलिंडर मेलाय, मला कळलंय."

त्याने स्टिअरिंगखाली वायर जोडून हातातल्या यंत्रात पाहिलं. "खरंच की. दुसरा. कान बरे आहेत तुमचे." मग बोनेट उघडलं आणि थबकला. इंजिन नव्या भांड्यासारखं चकचकीत. "आजोबा, इंजिनाक न्हाणयलें काय?" (आंघोळ घातलीत का?)

"छे!"

ही माझ्याकडे बघत राहिली.

त्याने प्लगला ठिणगी देणारा वरचा काळा कॉइल उपसला. खालच्या खड्ड्यात प्लगभोवती पाणी साचलेलं. "मग हें कितें? तीर्थ?"

आता काय बोलणार! खाणीवर असताना दर शनिवारी ट्रकचं इंजिन नळीने धुवायचो, नाहीतर लाल धूळ जाईना. नातीच्या दारात लाल चिखल घेऊन कसं जायचं, म्हणून पहाटे तीच नळी लावली होती.

"तुमचा ट्रक डिझेलचा. त्याला प्लग नाही, म्हणून चाललं," तो हसत म्हणाला. "ही पेट्रोलची, नाजूक आहे."

हवेच्या नळीने त्याने पाणी उडवलं, प्लग काढून पुसला, कॉइल सुकवून परत बसवला. मी चावी फिरवली. चारही सिलिंडर बोलले. त्याने यंत्रातली नोंद पुसली आणि दिवा विझला.

वजं वाटेत उघडायचं नाही, ही हिची कडक शिस्त. पण त्याच्या अर्ध्या माटोळीकडे तिने एकदा पाहिलं, पोत्याचं तोंड सोडलं आणि कवंडळांचा लालभडक घोस त्याच्या हातात दिला. "तुझ्या गणपतीक."

हरमलला पोचलो तेव्हा माटोळीची रिकामी चौकट आमची वाट बघत लटकत होती. नात धावत आली. "आजोबा, उशीर कित्याक?" हिने तोंड उघडलं. ती बोलायच्या आधी मीच म्हटलं, "गाडीला आंघोळ घातली ना!" सासरची सगळी हसली. रानफळं बांधायला मला स्टुलावर चढू दिलं, तेवढ्यात मान भरून पावला.

येताना समुद्राचा वारा आत घेत हळूहळू आलो. दिवा पुन्हा लागला नाही, पण माझा डोळा सारखा तिथेच. कानांवर तीस वर्षं भागलं. आता म्हातारपणी डोळेही वापरावे लागणार.

संध्याकाळी मुलगा पणजीहून कामावरून आला. "गाडीने त्रास दिला?"

"गाडीने नाही. मी तिला दिला, नळीने न्हाऊ घालून," म्हटलं, आणि चावी त्याच्यासमोर खिळ्याला अडकवली.

चतुर्थीच्या सकाळी उठलो, तर चावी खिळ्यालाच होती. अंगणातली नळी मात्र कुठे सापडेना.