शेजाऱ्याचा पत्ता

२०२३ साल. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा. आरोग्य केंद्राची एक बाई रोज कोपरीतल्या आमच्या चाळीत यायची, माझ्या शेजाऱ्याच्या हातावर टीबीच्या गोळ्या ठेवायची आणि गिळून झाल्या की म्हणायची, "आता म्हणा, कोपरी." गोळी जिभेखाली दाबली की माणूस बोबडं बोलतो, हे तिला ठाऊक.

एकदा शेजारी "कोपली" म्हणाला. तिने कमरेवर हात ठेवले. "बाबा, सत्तरीत दात येतायत काय? काढा ती गोळी बाहेर."

तुमच्याही वस्तीत अशी एखादी असेल. मी तिसरी शिकलेला, पण मला कुणाची मास्तरकी खपत नाही. मी म्हटलं, "ए बाई, हा कारखान्यात तीस वर्षं माझ्या बाजूच्या मशीनवर होता. त्याच्यावर पहारा ठेवतेस?"

"तुम्ही ठेवा, मी घरी झोपते."

मी माझ्या खोलीत निघून गेलो.

मग चाळ पाडायचं ठरलं. बिऱ्हाडं निघाली, त्यांच्यामागे दारं-चौकटी निघाल्या. भिंतींना नुसती भोकं उरली. ती बाई त्या भोकांत उभी राहूनही हाक मारायची. आतून कुणी ओ देत नसे.

शेजारी डोंबिवलीला भाड्याने गेला. मुलगा, सून, दीड वर्षाची नात. जाताना माझा हात धरून म्हणाला, "त्या बाईला पत्ता देऊ नकोस. ती दारात दिसली तर घरमालक सामान बाहेर फेकील. आता बरं आहे मला. शब्द दे."

मी दिला.

ती आली. "बाबा, पत्ता?"

"नाय ठाऊक."

"तुम्हाला? तुम्ही दोघं तर एका ताटात जेवायचात."

"शब्द दिलाय मी."

तिचा चेहरा उतरला. "गोळ्या अर्धवट सुटल्या की हा आजार खवळून परत येतो. त्या घरात लेकरू आहे, बाबा."

मी सामान बांधत राहिलो. ती तीनदा आली. तिसऱ्यांदा काही विचारलंच नाही. पिशवी छातीशी धरून विटांच्या ढिगावरून निघून गेली.

दोनेक महिन्यांनी शेजाऱ्याचा फोन आला. बोलणं कमी, खोकलाच जास्त. "पोरगी दूध घेत नाही रे. ताप हटत नाही. काडी झालीय."

"डॉक्टर?"

"दोन झाले. माझं सांगितलं नाही त्यांना. तूही कुठे बोलू नकोस."

मागे पोर कण्हत होती. रडायचाही जोर नव्हता तिच्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. ती आली नाही. आमच्या चाळीत येणारी बाई कुठंय विचारलं, तर नर्स म्हणाली, "त्यांना दुसरीकडे टाकलं. तुमच्या चाळीत माणसंच उरली नाहीत ना."

"मग तू लिही," मी म्हटलं आणि शेजाऱ्याचं नाव, इमारत, मजला, खोली, सगळं सांगितलं.

"घरात लहान मूल?"

"आहे. आजारी आहे."

तिने मान वर केली. "पत्ता कधीपासून होता तुमच्याकडे?"

तेही सांगितलं. तिने तेही लिहून घेतलं.