बांधावरचा ओला चिखल

शहापूर तालुक्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आमच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर इंजिनिअर निवडायला मी गेले, तेव्हा मूल्यमापनाचा तक्ता माझाच होता. तर्क, अचूकता, स्पष्टवक्तेपणा. प्रत्येक निकषाला वेगळे गुण. डोळखांबजवळचं माझं घर तिथून तासाभरावर होतं, पण कामाच्या दिवशी घर मनात येऊ द्यायचं नाही, ही माझी शिस्त.

प्रत्येक उमेदवाराला मी दीड पानांचा छापील प्रोग्राम देत असे. "हा मी लिहिलाय. त्यात एक नवी सोय घालून कागदावर पुन्हा लिहा." त्यात तीन चुका मुद्दाम ठेवलेल्या असत. त्या तोंडावर दाखवणाऱ्यालाच स्पष्टवक्तेपणाचे गुण.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातली एक मुलगी पाऊण तास मान खाली घालून लिहीत राहिली. कागद घेऊन मी विचारलं, "माझं काही चुकलंय का यात?"

"नाय मॅडम. बरोबर आहे."

शेजारी बसलेले माझे वरिष्ठ माझ्याकडे बघून हसले. "घ्या, पास झालात तुम्ही."

स्पष्टवक्तेपणापुढे मी शून्य लिहिलं. तेवढ्यानेच, कागद न तपासताच, ती यादीबाहेर गेली.

यादी पाठवल्यानंतर कागद आवरताना तिचा कागद मी प्रथमच नीट वाचला. तिन्ही चुका दुरुस्त झालेल्या होत्या. कुठे खूण नाही, शेरा नाही.

आमच्याकडे दुसऱ्याच्या भातखाचराचा बांध फुटलेला दिसला, की वाटेने जाणारा पायाने चिखल लोटून भगदाड बुजवतो आणि पुढे जातो. मालकाला सांगत नाही. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, "त्यांना सांगायचं नाय?"

"सांगायचा कशाला गो? चिखल वला दिसंल ना त्याला."

मी वरिष्ठांना फेरविचार करायला सांगितलं.

"यादी गेली. आणि आपल्याला बोलणारी माणसं हवीत, हे तुम्हीच लिहिलंय."

लिहिलं होतं. पुढे मी तक्ता बदलला: आधी कागद वाचायचा, मग प्रश्न विचारायचा. माझ्या चुका तोंडावर दाखवणारे उत्तम इंजिनिअर मी निवडले, आणि त्यांची मला किंमत आहे. तरीही प्रत्येक नव्या कागदात मी आधी न सांगितलेली दुरुस्ती शोधते. अजून सापडलेली नाही.

त्या दिवशी परतताना गाडी आमच्या फाट्यावरून गेली. बाबा तेव्हा होते. काय निवडून आलीस, असं त्यांनी विचारलं असतं. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं नाही.