रणपिसेंचा राखीव हिस्सा

आयसीयूत शिरल्यावर रणपिसे आधी पेशंटकडे बघत नसत, आकड्यांकडेही नाही. सिस्टरांच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. त्याचे सेकंद पळताहेत की नाही, ते बघत. "आकडा काय, थांबला तरी चांगलाच दिसतो. सेकंद पळतोय का बगा," असं प्रत्येक नव्या सिस्टरला ऐकवत. त्यांना हा माणूस चक्रम वाटायचा. मलाही वाटला होता.

बारामतीतल्या आमच्या खासगी हॉस्पिटलात ते कॉम्प्युटर आणि यंत्रं सांभाळत. मी व्यवस्थापक. रणपिसे मूळचे पळसदेवचे. शिकून अभियंता झाले, तरी 'आहे' म्हणायला त्यांची जीभ कधी वळली नाही. मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे आमच्या मालकांना, ते खटकायचं. मला खटकायचा तो त्यांचा हट्ट.

सगळ्या हॉस्पिटलला सर्व्हर एकच. बाहेरची नावनोंदणी, एक्स-रेचे फोटो, रांगेचे नंबर दाखवणारा टीव्ही, आणि आयसीयूतल्या प्रत्येक खाटेवरचे हृदयाचे ठोके न् ऑक्सिजन, सगळा भार त्याच्यावरच. रणपिसेंनी दुसरा मागितला, मिळाला नाही. मग त्यांनी आहे त्याच सर्व्हरचा निम्मा हिस्सा आयसीयूसाठी राखून ठेवला. बाकी कितीही गर्दी होवो, त्याला कुणी हात लावायचा नाही. एरवी तो बराचसा मोकळाच दिसे आणि मोठे डॉक्टर चिडत. "निम्मं मशीन झोपा काढतंय," असं एकदा माझ्यासमोरच म्हणाले. रणपिसे शांतपणे म्हणाले, "साहेब, उजनी धरणात पिण्याचं पाणी राखून ठेवत्यात. रिकामं पडलंय म्हणून ते उसाला सोडत्यात व्हय?"

सोडतात, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

पुढे त्यांनी माझ्याकडे एक बंद पाकीट दिलं. आत त्यांचा पासवर्ड होता. "मी आजारी पडलो, मेलो, तर फोडा. एरवी न्हाय." त्या इमारतीत माझ्यावर एवढा विश्वास दुसऱ्या कुणी टाकला नव्हता. हे लिहितानाही चीड येते, स्वतःचीच.

मोठ्या डॉक्टरांच्या वाढदिवसाला मोफत तपासणी शिबिर ठेवलं. मंडप, हार, पाहुणे, सगळा थाट. रणपिसेंना, अभियंता माणसाला, माईक दुरुस्त करायला मंडपात धाडलं. अकराच्या सुमारास नावनोंदणी अडकू लागली, रांग रस्त्यावर गेली. मोठे डॉक्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाहुण्यांसमोर माझं नाक कापू नका." मंडप पन्नास पावलांवर होता, रणपिसेंना बोलावता आलं असतं. ते नाही म्हणतील हे ठाऊक होतं, म्हणूनच बोलावलं नाही. मी पाकीट फोडलं आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला फोनवर विचारत विचारत राखीव हिस्सा नोंदणीला देऊन टाकला. रांग भराभर हलली. मोठे डॉक्टर लांबून माझ्याकडे बघून हसले, आणि मला बरं वाटलं.

तिकडे आयसीयूतला पडदा गोठला. आकडे हिरवे, छान. सांगवीच्या अनुसयाबाई संसर्गामुळे काचेच्या बंद खोलीत होत्या. त्यांच्या उशाशी यंत्र वाजत होतं, पण ते दाराबाहेर ऐकू येत नव्हतं, आणि बाहेर सिस्टर पडद्यावर विसंबून होत्या. रणपिसे आयसीयूतल्या कपाटातली माईकची वायर न्यायला आत आले, सवयीनं कोपऱ्यात बघितलं आणि काचेच्या खोलीकडे धावत सुटले. अनुसयाबाई गेल्या होत्या.

चौकशी आमचीच, आमच्याच सभागृहात. बदल रणपिसेंच्या पासवर्डनं झाला होता, तशी नोंद यंत्रात होती. ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मी बोलेन याची वाट बघत होते. मी समोरचं पाणी प्यायले. शेवटी तेच म्हणाले, "पासवर्ड माजा व्हता, ते खरं हाय." बडतर्फीच्या पत्रात 'निष्काळजीपणा' हा शब्द मी घातला, सहीही माझीच. महिन्याभरात आयसीयूला वेगळा सर्व्हर आला. मोठ्या डॉक्टरांनी त्याला हार घातला.

पत्र वाचून रणपिसेंनी नीट घडी घातली. "मॅडम, माजं असूंद्या. मी इंदापुरात कायतरी बगीन. त्या बाईच्या ल्योकाला तेवढं खरं सांगा. आई कशानं गेली, ते त्याला कळाय पायजे." मी 'सांगते' म्हणाले. त्यानंतर ते मला कधी भेटले नाहीत.

तो मुलगा मात्र भेटतो, मंडईत, बँकेत. दरवेळी थांबून हात जोडतो. "मॅडम, त्या माणसाला तुमी काढला, लई बरं केलं. तुमच्यामुळं माज्या आईला न्याय मिळाला," म्हणतो.

मी त्याच्या मुलांची चौकशी करते.